मंत्रिमंडळ फेरबदल अन् पवार घराणं : कुणाचं खातं कुणाकडं गेलं, आपल्या कामावर काय फरक पडला

धावडा (ता. भोकरदन) : ऑगस्ट 2022 ते ऑगस्ट 2025 या तीन वर्षांत राज्याच्या कृषी खात्याला चार मंत्री झाले. अब्दुल सत्तार, धनंजय मुंडे, माणिकराव कोकाटे अन् आता दत्तात्रय भरणे. यातले नंतरचे तिघं एकाच पक्षाचे, म्हणजे अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे. हे खातं त्या पक्षाकडं कसं गेलं हे समजून घ्यायचं असंल तर बारामतीच्या पवार घराण्यात 2023 साली काय घडलं ते बघावं लागतं. घर बारामतीचं, शपथ मुंबईत झाली, पण त्यात खातं हललं ते आपल्या शेजारच्या सिल्लोडचं. अन् आपल्या जालना जिल्ह्यातून मंत्रिपद गेलं ते आजपर्यंत परत आलेलं नाही.

गावात पारावर, हॉटेलवर या विषयाची चर्चा रोज होते. पण तारखा अन् खाती यांची सरमिसळ होते. म्हणून ही सगळी माहिती एका जागी दिली आहे. माहिती ऑगस्ट 2025 पर्यंतची आहे.

थोडक्यात

- 2 जुलै 2023 : अजित पवार यांच्यासह राष्ट्रवादीच्या 9 जणांनी शिंदे सरकारात शपथ घेतली.
- 14 जुलै 2023 : खातेवाटप. अर्थ खातं अजित पवारांकडं, कृषी खातं सत्तारांकडून धनंजय मुंडेंकडं.
- 6 फेब्रुवारी 2024 : निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव अन् घड्याळ अजित पवार गटाला दिलं.
- 4 जून 2024 : लोकसभेला बारामतीत सुप्रिया सुळे विजयी, सुनेत्रा पवार पराभूत.
- 23 नोव्हेंबर 2024 : विधानसभेला बारामतीत अजित पवार विजयी, युगेंद्र पवार पराभूत.
- 15 डिसेंबर 2024 : नागपुरात फडणवीस मंत्रिमंडळाचा विस्तार.
- 31 जुलै 2025 : कृषी खातं कोकाटेंकडून भरणेंकडं.

विस्तार, फेरबदल अन् खातेवाटप : फरक काय?

बातमीत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण अर्थ वेगवेगळे आहेत.

विस्तार म्हणजे मंत्रिमंडळात नवीन मंत्री वाढवणं. फेरबदल म्हणजे काहींना काढणं, काहींना घेणं किंवा असलेल्यांची खाती बदलणं. खातेवाटप म्हणजे शपथ घेतलेल्या मंत्र्याला कोणतं खातं द्यायचं ते ठरवणं. शपथ झाली म्हणजे खातं मिळालं असं नसतं. 2023 ला शपथेनंतर खाती मिळायला 12 दिवस लागले. 2024 ला 15 डिसेंबरला विस्तार झाला अन् खातेवाटप 21 डिसेंबरला. तेवढ्या दिवसांत मंत्री असतो, पण सही करायला फाइल नसते.

राज्यघटनेच्या कलम 164 प्रमाणं मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात अन् बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं नेमले जातात. खाती पण मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानंच वाटली जातात. म्हणजे यादी मुख्यमंत्र्यांची, मंजुरी राज्यपालांची. आघाडीचं किंवा युतीचं सरकार असलं की ही यादी आधी पक्षाच्या नेत्यांमध्ये बसून ठरते.

किती मंत्री करायचे याला मर्यादा आहे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं विधानसभेच्या एकूण सदस्यांच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. महाराष्ट्रात 288 आमदार, म्हणून मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त 43. आमदार नसलेला माणूस मंत्री होऊ शकतो, पण सहा महिन्यांत त्याला विधानसभेवर किंवा विधान परिषदेवर निवडून यावं लागतं.

उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही. कायद्यानं उपमुख्यमंत्री हा एक मंत्रीच असतो. त्याचं वजन त्याच्याकडच्या खात्यावर ठरतं. पालकमंत्री हे पद पण घटनेत नाही, सरकार ते स्वतंत्र यादी काढून वाटतं. मात्र जिल्हा नियोजन समितीचा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वाटला जातो, म्हणून या यादीवर पण ओढाताण होते.

पवार घराणं : कोण कुणाचं?

नावं सारखी असल्यानं नातं समजत नाही, म्हणून आधी तेवढं बघून घ्या.

- शरद पवार : जन्म 12 डिसेंबर 1940. आई शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य होत्या, म्हणजे घरात राजकारण आईकडून आलं.
- अजित पवार : शरद पवारांचे थोरले बंधू अनंतराव यांचे चिरंजीव. जन्म 22 जुलै 1959. शरद पवारांचे सख्खे पुतणे.
- सुप्रिया सुळे : शरद पवारांची एकुलती एक मुलगी, अजित पवारांची चुलत बहीण. 2009 पासून बारामतीच्या खासदार.
- सुनेत्रा पवार : अजित पवारांच्या पत्नी. माहेर आपल्या मराठवाड्यातलं, धाराशिव जिल्ह्यातलं तेर. माजी मंत्री पद्मसिंह पाटील यांच्या भगिनी.
- पार्थ अन् जय पवार : अजित पवारांची मुलं.
- युगेंद्र पवार : अजित पवारांचे सख्खे भाऊ श्रीनिवास यांचे चिरंजीव. आजोबांच्या बाजूला, म्हणजे शरद पवारांकडं राहिले.
- रोहित पवार : शरद पवारांचे आणखी एक बंधू आप्पासाहेब यांचे नातू. 2019 पासून कर्जत-जामखेडचे आमदार. हे पण शरद पवारांसोबत.

आधी वाटणी कशी होती?

शरद पवार 1967 ला बारामतीतून पहिल्यांदा आमदार झाले. जुलै 1978 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारातून बाहेर पडून ते पुलोदचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा वय होतं 37. त्यामुळं 2023 मध्ये पुतण्यानं बंड केल्यावर गावोगावी जुन्या लोकांनी पहिली आठवण काढली ती 1978 ची.

अजित पवार 1991 ला बारामतीतून खासदार झाले. शरद पवार नरसिंह राव सरकारात संरक्षणमंत्री झाले तेव्हा त्यांना खासदारकी पाहिजे होती. पुतण्यानं जागा मोकळी केली अन् त्याच वर्षी बारामतीचे आमदार झाले. तिथून पुढं घरातली वाटणी ठरून गेली : दिल्ली काकाकडं, बारामती अन् मुंबई पुतण्याकडं. 10 जून 1999 ला राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली, त्यानंतर पण हेच चाललं.

2004 ला राष्ट्रवादीचे 71 अन् काँग्रेसचे 69 आमदार निवडून आले. आमदार जास्त असून मुख्यमंत्रिपद काँग्रेसला गेलं. ही गोष्ट अजित पवार यांनी नंतर अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवली. 2006 ला सुप्रिया सुळे राज्यसभेवर गेल्या, 2009 ला लोकसभेवर. दिल्लीची जागा मुलीकडं जाणार हे तेव्हाच दिसलं. 2010 ला अजित पवार पहिल्यांदा उपमुख्यमंत्री झाले. 2012 ला सिंचनाच्या आरोपांवरून राजीनामा दिला अन् त्याच वर्षाच्या शेवटी परत आले.

पहिला मोठा तडा 2019 ला गेला. लोकसभेला मावळमधून पार्थ पवार हरले. मग विधानसभेच्या निकालानंतर 23 नोव्हेंबरला सकाळी-सकाळी अजित पवारांनी देवेंद्र फडणवीसांसोबत शपथ घेतली. आमदार काकाकडं परतले, 26 तारखेला राजीनामा झाला. तरी महिनाभरानं, 30 डिसेंबरला, उद्धव ठाकरे सरकारात उपमुख्यमंत्री अजित पवारच झाले. तेव्हा घर फुटलं नाही, कारण निशाणी, पक्ष अन् आमदार तिन्ही शरद पवारांच्या हातात होते.

2023 : दोन महिन्यांत काय काय झालं

जून 2022 च्या शेवटी ठाकरे सरकार गेलं, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले अन् अजित पवार विरोधी पक्षनेते झाले. पुढं घटना अशा घडल्या :

2 मे 2023 : मुंबईत पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात शरद पवारांनी अध्यक्षपद सोडतो असं जाहीर केलं. कार्यकर्ते रडले, उपोषणाला बसले. 5 मे ला त्यांनी निर्णय मागं घेतला.

10 जून : पक्षाच्या वर्धापनदिनी सुप्रिया सुळे अन् प्रफुल्ल पटेल यांना कार्याध्यक्ष नेमलं. महाराष्ट्राची जबाबदारी सुळेंकडं. अजित पवारांना नवीन पद नाही.

21 जून : विरोधी पक्षनेतेपदातून मोकळं करा अन् संघटनेत काम द्या, अशी मागणी अजित पवारांनी पक्षाच्या मेळाव्यात जाहीरपणे केली.

2 जुलै, रविवार : राजभवनात शपथ. अजित पवार उपमुख्यमंत्री. सोबत छगन भुजबळ, दिलीप वळसे पाटील, हसन मुश्रीफ, धनंजय मुंडे, धर्मरावबाबा आत्राम, आदिती तटकरे, संजय बनसोडे अन् अनिल पाटील.

5 जुलै : मुंबईत दोन मेळावे एकाच दिवशी. पुतण्याचा वांद्र्याला, काकाचा यशवंतराव चव्हाण सेंटरला. आमदार कुठं जास्त हे त्या दिवशी मोजलं गेलं.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. ज्यांनी शपथ घेतली त्यात भुजबळ, वळसे पाटील, मुश्रीफ हे शरद पवारांच्या बरोबर वाढलेले नेते होते. घरातलं भांडण फक्त घरातलं राहिलं असतं तर ते कदाचित 2019 सारखं मिटलं असतं. या वेळी पक्षातली दुसरी फळी पुतण्याबरोबर गेली. म्हणून काकाकडं परत फिरायला वाट राहिली नाही.

14 जुलै : खरी सत्ता या दिवशी हलली

2 जुलैच्या आधी शिंदे मंत्रिमंडळात 20 जण होते. 9 वाढून 29 झाले. मर्यादा 43 असल्यानं जागा शिल्लक होत्या. पण भरत गोगावले, छत्रपती संभाजीनगरचे संजय शिरसाट असे शिंदे गटाचे आमदार वर्षभर वाट बघत होते. त्यांना डिसेंबर 2024 पर्यंत थांबावं लागलं.

जागा शिल्लक असल्या तरी महत्त्वाची खाती मोजकीच असतात. नवीन 9 जणांना द्यायची तर जुन्यांकडून काढावी लागणार होती. 14 जुलैला हे झालं :

- अर्थ अन् नियोजन : फडणवीसांकडून अजित पवारांकडं
- कृषी : अब्दुल सत्तारांकडून धनंजय मुंडेंकडं. सत्तारांना अल्पसंख्याक विकास अन् पणन
- सहकार : अतुल सावेंकडून दिलीप वळसे पाटलांकडं
- अन्न व नागरी पुरवठा : छगन भुजबळ
- महिला व बालविकास : आदिती तटकरे
- मदत व पुनर्वसन : अनिल पाटील
- वैद्यकीय शिक्षण : हसन मुश्रीफ
- अन्न व औषध प्रशासन : धर्मरावबाबा आत्राम
- क्रीडा : संजय बनसोडे

ही यादी परत एकदा वाचा. कृषी, सहकार, रेशन, महिला बालविकास, अतिवृष्टीची मदत. खेड्यातल्या माणसाचा ज्या खात्यांशी संबंध येतो त्यातली बरीचशी एका दिवसात एका गटाकडं गेली. साखर कारखाने अन् जिल्हा बँका सहकार खात्याखाली येतात. पश्चिम महाराष्ट्रात पुढाऱ्यांची ताकद याच संस्थांमध्ये असते. अन् सगळ्या आमदारांच्या मतदारसंघातल्या कामांना निधी अर्थ खात्यातून जातो. म्हणजे कुठं जायचं याचा विचार करणाऱ्या आमदाराला उत्तर त्या यादीतच दिसत होतं.

पवार घराण्यात सत्ता काकाकडून पुतण्याकडं सरकली ती अशी. घरात बसून वाटणी झाली नाही. खाती आली, खात्यांमुळं आमदार टिकले, अन् आमदार टिकल्यामुळं पुढं निशाणी आली.

सिल्लोडचं खातं अन् आपलं नुकसान

सिल्लोड विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत येतो. धावड्यापासून सिल्लोड तालुका लांब नाही. सत्तार कृषिमंत्री होते तेव्हा या भागातल्या शेतकऱ्याला निवेदन घेऊन मुंबईला जायची गरज नव्हती. 14 जुलैला ते खातं परळीला गेलं. सत्तारांच्या कामाबद्दल लोकांची मतं वेगवेगळी असतील, पण मंत्री हाकेच्या अंतरावरून गेला हे खरं.

दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे. घनसावंगीचे राजेश टोपे 1999 पासून सलग आमदार अन् ठाकरे सरकारात आरोग्यमंत्री होते. जून 2022 ला सरकार गेल्यावर जालना जिल्ह्याकडं राज्यात मंत्रिपद राहिलं नाही. फूट पडली तेव्हा टोपे शरद पवारांसोबत राहिले. 2024 ला ते थोड्या मतांनी हरले. त्या निवडणुकीत जिल्ह्याच्या पाचही जागा महायुतीला मिळाल्या, तरी डिसेंबरच्या विस्तारात पाचपैकी एकाला पण घेतलं नाही. अर्जुन खोतकर अन् बबनराव लोणीकर हे दोघं आधी मंत्री राहिलेले, त्यांनाही नाही. सत्तारांना पण वगळलं. म्हणजे पाचपैकी पाच आमदार सत्तेत देऊन जिल्ह्याच्या वाट्याला शून्य मंत्री.

एक योजना, चार मंत्री : पीक विम्याचं उदाहरण

मंत्री बदलल्यानं काय होतं हे बघायला पीक विमा पुरेसा आहे.

मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री फडणवीस यांनी एक रुपयात पीक विमा जाहीर केला. कृषिमंत्री होते सत्तार. पहिला हंगाम खरीप 2023. अर्ज भरणं चालू असतानाच जुलैत खातं मुंडेंकडं गेलं अन् अर्थ खातं अजित पवारांकडं. म्हणजे ज्यांनी योजना आणली ते दोन्ही मंत्री पहिल्याच हंगामात त्या खात्यात नव्हते.

डिसेंबर 2024 ला कृषी खातं कोकाटेंकडं आलं. बोगस अर्जांचा मुद्दा पुढं आला अन् 29 एप्रिल 2025 च्या मंत्रिमंडळ बैठकीत एक रुपयाची योजना बंद करायचा निर्णय झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का अन् कापूस, कांद्यासारख्या नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यानं भरायचा आहे. भरपाई पीक कापणी प्रयोगात आलेल्या उत्पन्नावर मिळणार. पूर्वी गारपीट किंवा अतिवृष्टी झाली की 72 तासांत कळवून वैयक्तिक नुकसानीची भरपाई मागता येत होती, तो भाग खरीप 2025 पासून काढला आहे.

या नवीन पद्धतीचा पहिला हंगाम चालू असतानाच 31 जुलै 2025 ला कृषिमंत्री परत बदलले. सभागृहात मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप कोकाटेंवर झाला, त्यांनी तो नाकारला. त्यांना क्रीडा खातं दिलं अन् क्रीडा खात्याचे दत्तात्रय भरणे कृषीला आले. दोघंही आधीच मंत्री असल्यानं नवीन शपथ लागली नाही, फक्त खाती अदलाबदल झाली. याला म्हणतात खातेबदल.

योजना बंद व्हायला घराण्यातलं भांडण कारण नाही, त्यामागं पैशाचं अन् बोगस अर्जांचं कारण आहे. पण योजना आणणारा मंत्री, राबवणारा मंत्री, बंद करणारा मंत्री अन् बंद झाल्यावर उत्तर देणारा मंत्री असे चार वेगळे असले की शेतकऱ्यानं जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्न उरतोच.

घड्याळ गेलं, तुतारी आली

6 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक आयोगानं निवडून आलेल्या सदस्यांचं बहुमत बघून पक्षाचं नाव अन् घड्याळ अजित पवार गटाला दिलं. दुसऱ्या दिवशी शरद पवारांच्या पक्षाला 'राष्ट्रवादी काँग्रेस पार्टी - शरदचंद्र पवार' हे नाव मिळालं, त्यानंतर तुतारी वाजवणारा माणूस ही निशाणी. 15 फेब्रुवारीला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी पण अजित पवार गट हाच खरा पक्ष असा निकाल दिला. शरद पवार गट सर्वोच्च न्यायालयात गेला.

आपल्या भोकरदन मतदारसंघात याचा परिणाम सरळ दिसला. 2019 ला चंद्रकांत दानवे राष्ट्रवादीकडून घड्याळावर लढले होते. 2024 ला तेच उमेदवार तुतारीवर उभे राहिले. माणूस तोच, गाव तेच, निशाणी नवीन. पंचवीस वर्षं घड्याळ बघून मत टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना निशाणी नव्यानं सांगावी लागली.

जनतेनं एकाच वर्षात दोन निकाल दिले

बारामतीत लोकसभेला नणंद-भावजय समोरासमोर आल्या. सुप्रिया सुळे 1,58,333 मतांनी जिंकल्या. अजित पवारांच्या स्वतःच्या बारामती विधानसभा भागात पण सुळेंनाच आघाडी मिळाली. राज्यात शरद पवारांच्या पक्षानं 10 पैकी 8 जागा जिंकल्या, अजित पवारांच्या पक्षाला 4 पैकी 1. सुनेत्रा पवार नंतर राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करायला नको होतं, असं अजित पवार यांनी ऑगस्ट 2024 मध्ये जाहीरपणे सांगितलं.

मधल्या काळात 28 जून 2024 ला अर्थमंत्री म्हणून अजित पवारांनी अर्थसंकल्प मांडला. त्यात लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये अन् साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला मोफत वीज या घोषणा होत्या. पैसा अर्थ खात्याचा, राबवणारं खातं महिला व बालविकास, म्हणजे आदिती तटकरे. दोन्ही खाती एकाच पक्षाकडं.

नोव्हेंबरला निकाल उलटा लागला. बारामतीत अजित पवारांनी पुतण्या युगेंद्रला 1,00,899 मतांनी हरवलं. राज्यात अजित पवारांचे 41 आमदार आले, शरद पवारांचे 10. कर्जत-जामखेडला रोहित पवार 1243 मतांनी वाचले. 5 डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीस मुख्यमंत्री अन् शिंदे, पवार उपमुख्यमंत्री झाले. जून 2025 ला माळेगाव साखर कारखान्याच्या निवडणुकीत पण अजित पवारांचं पॅनल निवडून आलं. म्हणजे 2025 मध्ये दिल्ली मुलीकडं होती, पण विधानसभा, सरकार अन् कारखाना पुतण्याकडं होता.

मुंडे अन् दानवे : जवळची उदाहरणं

अशी सत्तेची सरकासरक पवारांकडंच होते असं नाही.

गोपीनाथ मुंडे यांचे पुतणे धनंजय राष्ट्रवादीत गेले. 2019 ला परळीत त्यांनी चुलत बहीण पंकजा मुंडे यांना हरवलं. डिसेंबर 2024 ला दोघंही एकाच मंत्रिमंडळात आले. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर वाढलेल्या दबावात धनंजय मुंडे यांनी 4 मार्च 2025 ला राजीनामा दिला, कारण तब्येतीचं सांगितलं. त्यांचं अन्न व नागरी पुरवठा खातं 20 मे ला शपथ घेतलेल्या भुजबळांकडं गेलं. पंकजा मुंडे पर्यावरण अन् पशुसंवर्धन मंत्री आहेत अन् जानेवारी 2025 पासून आपल्या जालना जिल्ह्याच्या पालकमंत्री आहेत.

आपल्या तालुक्यातलं उदाहरण रावसाहेब दानवे यांचं. 7 जुलै 2021 च्या केंद्रातल्या फेरबदलात त्यांचं ग्राहक व्यवहार खातं बदलून रेल्वे, कोळसा अन् खाण राज्यमंत्रिपद मिळालं. सलग पाच वेळा खासदार राहून 2024 ला ते कल्याण काळे यांच्याकडून एक लाखावर मतांनी हरले. त्याच वर्षी मुलगा संतोष दानवे भोकरदनमधून तिसऱ्यांदा आमदार झाले अन् मुलगी संजना जाधव कन्नडमधून शिंदे सेनेच्या आमदार झाल्या. इथं सत्ता बापाकडून लेकरांकडं गेली, निशाण्या दोन, भांडण नाही.

मंत्री कुणीही असो, आपलं काम कुठं?

मंत्री बदलला तरी गावापर्यंतची साखळी तीच राहते. ती पाठ ठेवा.

- पीक विमा, शेतीच्या योजना : कृषी सहायक, मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी भोकरदन, मग जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी जालना. फार्मर आयडी आता लागतोच.
- अतिवृष्टी, गारपिटीचा पंचनामा : तलाठी अन् तहसील. हा कृषी विम्याचा पैसा नाही, मदत व पुनर्वसन खात्याचा आहे. ई-पीक पाहणी केलेली असू द्या.
- सोयाबीन, कापूस खरेदी, बाजार समिती : पणन खातं.
- सोसायटी, जिल्हा बँक, कर्ज : सहकार खातं, तालुक्याला सहायक निबंधक.
- रेशन : तहसीलचा पुरवठा विभाग.
- लाडकी बहीण : अंगणवाडी अन् महिला बालविकास.
- रस्ता, शाळाखोली : जिल्हा परिषद, जिल्हा नियोजन समिती, म्हणजे पालकमंत्री.

निवेदन देताना मंत्र्याच्या नावानं न देता पदाच्या नावानं द्या : 'मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य'. खातं बदललं तरी आवक-जावकला नोंद राहते. पोहोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका. पोहोच नसली की नवीन मंत्री आल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

जालना जिल्हा परिषद अन् पंचायत समित्यांवर 2022 मध्ये प्रशासक आला. सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्या आहेत. त्या लागल्या की गावात प्रचाराला घड्याळ पण येईल अन् तुतारी पण. दोघांनाही विचारायचा प्रश्न एकच आहे : तीन वर्षं जिल्ह्याला मंत्री नाही, मग आमचं काम कोण अन् कोणत्या खात्यातून करून देणार?